बाद ठरवलेला शब्द पहिला वाचला गेला

डीएनएची रचना 1953 मध्ये कळली, पण चार रासायनिक अक्षरांत (डीएनएच्या आरएनए या नकलेत ए, यू, जी, सी) प्रथिनांचे घटक असलेली वीस अमिनो आम्लं कशी लिहिली जातात हे कोडं तसंच राहिलं. दोन-दोन अक्षरांचे शब्द होतात 16, म्हणजे अपुरे; तीन-तीनचे 64, म्हणजे वारेमाप. फ्रान्सिस क्रिक आणि सहकाऱ्यांनी 1957 मध्ये देखणा तोडगा मांडला. शब्दांमध्ये स्वल्पविराम नाही, तरी वाचताना घोळ होता कामा नये. मग यूयूयू, एएए असे एकाच अक्षराचे चार शब्द बाद. ते कुठे सुरू होतात तेच कळत नाही. उरले 60. एयूजी, यूजीए, जीएयू हे एकाच चक्राचे तीन फेर, त्यांतला एकच चालेल. 60 भागिले 3, बरोब्बर 20! गणित चपखल, उत्तर साफ चूक.

खरं उत्तर मे 1961 मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे, मार्शल निरेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत मिळालं. हाइनरिख माथाई यांनी ई. कोलाय जिवाणू फोडून रस काढला. डीएनएज विकर घालून त्यातला डीएनए संपवला, नाहीतर त्याच्यावरून जिवाणूंचेच निरोप नव्याने लिहिले गेले असते. मग ऊर्जेसाठी एटीपी, अमिनो आम्लं आणि निरोप म्हणून नुसत्या 'यू'ची आरएनए साखळी. एका वेळी एकच अमिनो आम्ल किरणोत्सारी. शेवटी तीव्र आम्ल टाकून प्रथिनाचा साका बसवायचा आणि किरणोत्सार मोजायचा. फेनिलअ‍ॅलनिन असताना आकडा तीस हजारांवर गेला. 'यू'ची साखळी न घालता तो शंभरही नव्हता. म्हणजे यूयूयू, बाद केलेल्यांपैकीच एक!

यात नशीबही होतं. पेशीत निरोप वाचून प्रथिन जोडणारं यंत्र, राइबोसोम, सहसा एयूजीपासून वाचायला लागतो आणि या साखळीत एयूजी नव्हताच. मिश्रणात मॅग्नेशियम जास्त पडलं होतं, म्हणून वाचन कुठूनही सुरू झालं. बेताचं असतं तर नळ्या गप्प राहिल्या असत्या. 'जी'च्या साखळीने मात्र दाद दिली नाही. ती स्वतःतच गुंतून बसते.

दोन-तीन अक्षरं कशीही मिसळलेल्या साखळ्यांतून शब्दातली अक्षरं कळत, क्रम नाही. त्यासाठी 1964 मध्ये निरेनबर्ग आणि फिलिप लेडर यांनी तीन अक्षरी तुकडे राइबोसोमला चिकटवून गाळणीवर पकडले आणि सोबत कोणतं अमिनो आम्ल अडकतं ते पाहिलं. हरगोबिंद खुराना यांनी ठरावीक क्रमाच्या साखळ्या रचल्या. यूसीयूसीमधून सेरीन आणि ल्यूसीन आलटून-पालटून आले. यूजीए हा पूर्णविराम, म्हणजे प्रथिन इथे संपवा असं सांगणारा शब्द, सर्वांत शेवटी सापडला. 1979 मध्ये मानवी मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, तोच ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा शब्द म्हणून वाचला जातो असं दिसलं.