मोखा ताफ्याचा पहारा

सुरत आणि तांबड्या समुद्रातील मोखा, जेद्दा ही बंदरे यांदरम्यान ये-जा करणाऱ्या व्यापारी व हाजींच्या जहाजांना युरोपीय कंपन्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस दिलेले सशस्त्र संरक्षण. कंपन्यांनी ते राजीखुशीने दिले नव्हते. मोगल दरबाराच्या धाकाने द्यावे लागले.

सप्टेंबर १६९५ मध्ये इंग्रज चाचा हेन्री एव्हरी याने सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर याचे ‘फतेह मुहम्मद’ आणि पाठोपाठ खुद्द औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ ही जहाजे लुटली. हजहून परतणाऱ्या स्त्रियांवर अत्याचार झाले. बातमी येताच सुरतेत संताप उसळला. इंग्रज वखारीचा प्रमुख सॅम्युअल अ‍ॅन्स्ली साथीदारांसह कैदेत पडला, तर जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाला मुंबईवर चालून जाण्याचा हुकूम सुटला. एव्हरी आमचा नोकर नव्हे, असे इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी परोपरीने सांगत होती. पण सुरतकरांनी ते का मानावे? चाचाही इंग्रजच होता. ताफ्याला पहारा देण्याचे कबूल केल्यावरच १६९६ मध्ये या लोकांची सुटका झाली.

परतीच्या जहाजांवर विकलेल्या कापडाचे सोने-चांदी असे, म्हणून चाचे तांबड्या समुद्राच्या बाब-एल-मंदेब या चिंचोळ्या तोंडाशी दबा धरून बसत. १५ ऑगस्ट १६९७ रोजी तिथे विल्यम किडचे ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ ताफ्यात घुसू लागले. पहाऱ्यावर दोन डच जहाजे आणि कंपनीचे ‘सेप्टर’ होते. वारा पडलेला. ‘सेप्टर’वरील एडवर्ड बार्लोने होड्या सोडून त्यांच्याकरवी आपले जहाज किडच्या दिशेने ओढत नेले, तोफा डागल्या आणि खलाशांना दोरखंडांवर चढवून आरडाओरडा करायला लावले. किडने माघार घेतली. गंमत अशी की, या किडला चाचे पकडण्यासाठीच इंग्लंडच्या राजाचा परवाना मिळालेला होता!

जानेवारी १६९८ मध्ये त्याने ताफ्याबाहेरचे ‘क्वेदा मर्चंट’ धरले आणि दरबाराने पुन्हा फास आवळला. या खेपेस तिन्ही कंपन्यांकडून मुचलके घेण्यात आले. डचांनी तांबडा समुद्र व हाजींचा ताफा, फ्रेंचांनी इराणचे आखात आणि इंग्रजांनी दक्षिणेकडचा समुद्र राखायचा, अशी वाटणी ठरली.