संत पॉल चर्चचे अवशेष, मकाऊ

दक्षिण चीनमधील, पूर्वी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या मकाऊ शहरात उभी असलेली जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारकांचा एक संघ) चर्चची ग्रॅनाइटची दर्शनी भिंत. देवमातेच्या नावाने बांधलेले हे चर्च शेजारच्या संत पॉल महाविद्यालयामुळे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. १६०२ मध्ये पायाभरणी झाली. भिंतीचे काम १६४० पर्यंत चालले. आराखडा इटालियन जेझुइट कार्लो स्पिनोला यांचा मानला जातो. १७६२ मध्ये जेझुइटांना मकाऊतून घालवल्यावर तेथे सैनिक राहू लागले आणि १८३५ च्या आगीत बाकी सारे जळून गेले.

उरलेली भिंत मात्र सावकाश, खालून वर पाहत जावी. छळामुळे जपान सोडून आलेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक चिनी पाथरवटांनी ती घडवली, आणि त्यांचा हात जागोजागी दिसतो. दारांच्या वरच्या थरात इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर आदी जेझुइटांचे कांस्यपुतळे आहेत. त्यावर देवदूतांनी वेढलेली मारिया. एका बाजूला पोर्तुगीज गलबत, दुसरीकडे सात तोंडांचा राक्षसी सर्प आणि ‘देवमाता ड्रॅगनचे मस्तक तुडवते’ असा चिनी लेख. सिंह चिनी घाटाचे, फुलांत जपानची शेवंतीही आहे. युरोपात अशी भिंत घडलीच नसती.

भिंतीमागे चर्चची मोकळी जोती दिसतात. १९९० ते १९९५ च्या उत्खननानंतर येथे भूमिगत दालन व छोटे संग्रहालय झाले. दालनात जपान व व्हिएतनाममधील ख्रिस्ती हुतात्म्यांच्या अस्थी आहेत. भिंतीला अगदी खेटून १८८८ चे नाचा देवतेचे चिमुकले देऊळ आहे. बौद्ध ग्रंथांतून चीनमध्ये पोचलेला कुबेरपुत्र नलकूबर तोच हा नाचा, असे अभ्यासक मानतात. देवळालगत माती, वाळू, भाताचा पेंढा व शिंपल्यांचा चुरा ठोकून बांधलेल्या जुन्या तटाचा तुकडा टिकून आहे. वरच्या मोंटे किल्ल्यावरील तोफांनी १६२२ मध्ये, बांधकाम अपुरे असतानाच, डचांचा हल्ला परतवला. आत आता मकाऊ संग्रहालय आहे. गर्दी प्रचंड असते, त्यामुळे सकाळी लवकर गेलेले बरे.

२००५ मध्ये युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशात घेतला. त्यातील दोन ठिकाणे गोव्याशी थेट जोडलेली आहेत आणि ती वगळू नयेत. झेवियर १५५२ मध्ये येथून जवळच्या शांगच्वान बेटावर वारले. त्यांचे शरीर जुन्या गोव्यात, तर दंडाचे एक हाड मकाऊच्या संत जोसेफ सेमिनरीच्या चर्चमध्ये आहे. दुसरे ठिकाण म्हणजे आ-मा मंदिराजवळची ‘मूर बराक’. मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, कोणी तेथे नव्हतेच: १८७४ मधली ही कमानदार इमारत, मकाऊच्या पोलिसांच्या मदतीला गोव्याहून आणलेल्या हिंदी पलटणीसाठी बांधली होती. आज तेथे सागरी प्रशासनाचे कार्यालय आहे.