वरचे दोन स्क्रू

आषाढात उदगीरहून ताईचा फोन आला. टीव्ही पडला होता. दिवाळीत घेतलेला ४३ इंची, भिंतीवरून सरळ फरशीवर. कुणाला लागलं नाही, लेकरं तेव्हा गल्लीत खेळत होती. मी विचारलं, "कोणते स्क्रू निघाले? वरचे का खालचे?" तिकडून भाऊजींचा आवाज आला, "पाव्हणं, टीव्ही फुटलाय आन् तुम्ही स्क्रू विचारायलाव."

पण उत्तर त्यातच होतं. रविवारी जाऊन बघितलं तर भिंतीला चार भोकं होती. खालच्या दोन भोकांतले स्क्रू नीट जागेवर होते, फक्त लोखंडी पट्टी त्यांच्याभोवती वाकून फाटली होती. वरची दोन भोकं मात्र बोराएवढी झाली होती. त्यांच्यातल्या प्लॅस्टिकच्या गट्ट्या स्क्रूसकट बाहेर आल्या होत्या आणि अजून पट्टीलाच लटकत होत्या. गट्टीच्या निम्म्या दातांत सिमेंटची करडी भुकटी भरलेली, टोकाकडच्या उरलेल्या निम्म्यात विटेची लाल धूळ. त्या लाल-करड्या रंगातच सगळी कथा होती.

"वजन झेपलं नाही," असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. वजन किती? स्टँड काढलेला ४३ इंची टीव्ही आठ ते दहा किलोचा असतो. म्हणजे दळणाचा एक डबा. चार स्क्रूंत वाटला तर एकाच्या वाट्याला अडीच किलो. पाच-सहा मिलिमीटर जाडीचा स्टीलचा स्क्रू आडवा तुटायला त्याच्या कैक पट भार लागतो. तेव्हा खाली ओढणाऱ्या वजनाने हा टीव्ही पडलेलाच नाही. तो भिंतीतून उपटून निघाला. खाली पडणं हा नंतरचा भाग.

शेतातला मोठा धोंडा हलवायचा तर आपण पहार लावतो. पहारेचं टोक धोंड्याखाली, टोकाजवळ एक छोटा दगड टेकू म्हणून, आणि लांबच्या टोकावर आपण. आपला हात टेकूपासून धोंड्याच्या दहापट लांब असेल तर आपलं बळ दहापट होऊन धोंड्यावर लागतं. शाळेत याला तरफ म्हणून शिकलो, 'बल गुणिले बलभुजा' पाठही केलं, आणि तिथंच सोडून दिलं. ताईच्या घरी टीव्हीचा स्टँड हीच पहार झाली होती. तो हाताच्या कोपरासारखा घडी होणारा, भिंतीपासून पुढे ओढता येणारा स्टँड होता. स्वयंपाकघरातून आजींना मालिका दिसावी म्हणून टीव्ही दिवसभर पुढे ओढून तिरका केलेला असायचा.

आता हिशोब करू. टीव्ही १० किलो. स्टँड पूर्ण ओढल्यावर टीव्ही भिंतीपासून ४५ सेंटिमीटर लांब. भिंतीवरच्या पट्टीची खालची कड भिंतीवर दाबली जाते, तो आपला टेकू. तिथून वरच्या स्क्रूपर्यंत अंतर १५ सेंटिमीटर. टीव्ही पट्टीला खालच्या कडेभोवती फिरवू बघतो, आणि वरचे स्क्रू ते फिरणं अडवतात. त्यांच्यावरची ओढ: १० गुणिले ४५ भागिले १५, म्हणजे ३० किलो. ही ओढ खाली नाही, भिंतीतून सरळ बाहेर, आपल्या दिशेने. तोच टीव्ही भिंतीला चिकटून बसणाऱ्या साध्या चपट्या स्टँडवर लावला असता तर अंतर जेमतेम पाच सेंटिमीटर आणि ओढ सव्वातीन किलोच्या आसपास. टीव्ही तोच, भिंत तीच, ओढ नऊ पट. त्यात कुणी १५ किलोचं लेकरू टीव्हीला लोंबकळलं की आणखी ४५ किलोंची भर, आणि लेकरू काही हळूच लोंबकळत नाही, झटका देतं.

म्हणून खालच्या स्क्रूंना काही झालं नव्हतं. त्यांच्या वाट्याला ही ओढ जवळजवळ येतच नाही. स्टँड बसवणारा घाईत असला तर तो नेमके वरचे स्क्रू कसेतरी बसवतो आणि खालचे, हाताला सोपे म्हणून, घट्ट.

आता गट्टीकडे. माझा जीव या एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की गावचा सुतार दांड्याच्या डोक्यात पाचर ठोकतो. पाचर लाकूड फाकवते, फाकलेलं लाकूड कुऱ्हाडीच्या नेढ्याला आतून दाबतं, आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं त्याने दांडा धरून राहतो. गट्टी हीच युक्ती उलगडून केलेली आहे. भिंतीचं भोक म्हणजे नेढं, गट्टी म्हणजे दांडा, आणि स्क्रू म्हणजे पाचर. स्क्रू फिरवत आत गेला की गट्टी फाकते आणि भोकाच्या कडांवर चहूबाजूंनी दाबून बसते. तिला ओढून काढायला लागणारं बळ म्हणजे हा दाब गुणिले घर्षणाचा गुणांक. स्क्रूच्या पीळाची मजा अशी की तो गोल गुंडाळलेला चढ आहे. स्क्रूड्रायव्हरची मूठ ३० मिलिमीटर जाड धरली तर एका फेऱ्यात आपली बोटं ९४ मिलिमीटर फिरतात आणि स्क्रू जेमतेम दोन मिलिमीटर आत जातो. म्हणजे तत्त्वतः आपलं बळ ४७ पट. घर्षण त्यातलं बरंच खाऊन टाकतं, पण उरतं तेही मनगटाच्या मानाने अचाट असतं.

पण दाब ही दोघांची गोष्ट आहे. गट्टी जेवढं दाबेल तेवढंच भिंतीनेही उलट दाबलं पाहिजे. गुळाच्या ढेपेत खिळा ठोकला तर तो निघता निघत नाही, ज्वारीच्या भिजवलेल्या पिठात खुपसला तर बोटाने निघतो. खिळा एकच. ताईच्या भिंतीवर गिलावा सुमारे १५ मिलिमीटर आणि गट्टी ३० मिलिमीटरची. वर म्हटलेली करडी भुकटी म्हणजे गिलावा. निम्मी गट्टी त्या पापडात अडकली होती, विटेत उरलेली निम्मी. त्यातही भोक पाडल्यावर आतली धूळ कुणी फुंकून काढलेली नसावी. ही धूळ गट्टी आणि वीट यांच्यामध्ये छर्‍यांसारखी बसते आणि घर्षण घटवते. भोकात साधी फुंकणी घालून दोन फुंकरा मारायला काय जातं? डोळे मिटून मारा मात्र.

मग दिवाळीत लावलेला टीव्ही आषाढापर्यंत टिकला कसा? इथं प्लॅस्टिकचा स्वभाव आडवा येतो. जेवणाच्या डब्याला ताणून लावलेलं रबर वर्षभराने काढलं तर ते लांबच राहतं, पहिल्यासारखं आखडत नाही. दाबून धरलेल्या प्लॅस्टिकचंही तसंच होतं. त्याचे लांबलचक रेणू हळूहळू एकमेकांवरून सरकून सोयीची जागा शोधतात. आकार तोच राहतो, पण आतला दाब ओसरत जातो. अभियंते याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात. उष्णता वाढली की हे सरकणं भराभर होतं. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर, आणि उन्हाने तापलेली भिंत हाताला चटका देते. स्वस्त, मऊ प्लॅस्टिकची गट्टी या भट्टीत दोन महिने ३० किलोंची ओढ सहन करत बसली होती. दाब ओसरला, घर्षण घटलं, गट्टी केसभर सरकली. सरकली तशी पट्टी वरून किंचित सुटली, टीव्ही थोडा पुढे झुकला. कुणीतरी तो पुन्हा सरळ केला असणार. भाच्याने कबूल केलं, "मामा, मी रोज वर ढकलत होतो त्याला." तो झुकाव म्हणजे भिंतीने दिलेली लेखी नोटीस होती.

नायलॉनची गट्टी या बाबतीत बरीच बरी. ती १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने काढली. त्याआधी, १९११ साली, लंडनच्या जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी तागाच्या धाग्यांची गट्टी केली होती. आपल्याकडचे जुने वायरमन गट्टीला 'रावल प्लग' म्हणतात ना, तो रावल म्हणजे हे रॉलिंग्ज. कुणा राजस्थानी कारखानदाराशी त्याचा संबंध नाही.

आता भिंती. उभ्या महाराष्ट्रात भिंत एकसारखी नाही, मराठवाड्यात तर नाहीच. पक्क्या विटेच्या भिंतीत आठ मिलिमीटरची नायलॉनची गट्टी आणि गिलावा ओलांडून विटेत किमान ४० मिलिमीटर जाईल असा लांब स्क्रू, एवढं पुरतं. दोन विटांमधला सांधा टाळायचा. नव्या फ्लॅटांत सिपोरेक्सचे पांढरे ब्लॉक असतात. ते हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले, विटेच्या साधारण एक तृतीयांश वजनाचे. त्यांत ड्रिल मशीन ठोकणीवर लावलं की भोक आतून चुरगळतं. तिथं साध्या फिरतीवर भोक पाडायचं आणि त्या ब्लॉकसाठीच मिळणाऱ्या लांब, रुंद पीळाच्या गट्ट्या वापरायच्या.

आणि दगड-मातीची जुनी भिंत, माळवदाच्या घराची? हात जोडून सांगतो, तिच्यावर टीव्ही टांगू नका. बाहेरून दोन-अडीच फूट जाड, गढीसारखी दिसते, पण बहुतेक वेळा ते दगडांचे दोन सुटे पदर आणि मध्ये माती नि खडी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपात ज्या भिंती फाकून कोसळल्या आणि सुमारे १० हजार माणसं गेली, त्या याच. आतली माती कोरडी पडली की ती उलटा दाब देत नाही, आणि उलटा दाब नाही म्हणजे गट्टीला घर्षण नाही. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. त्यांनी खुंट्या बांधकाम चालू असतानाच हातभर आत घालून, टोक किंचित वर करून बसवल्या. अशा घरात टीव्ही टेबलावर ठेवावा, किंवा सागवानी खांब असतील तर दोन खांबांना जाड फळी मारून तिला लावावा. लाकडात स्क्रूला गट्टी लागत नाही, लाकूडच पिळाला धरून बसतं.

जागेबद्दल थोडक्यात. मोबाइलवर सगळीकडे सांगतात की पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर हवा. ते सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी. आपण सतरंजीवर मांडी घालून बसतो तेव्हा डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्याच आसपास असतात. ताईकडे टीव्हीचा मध्य सहा फुटांवर होता, 'लेकरांचा हात लागू नये' म्हणून. सात फुटांवर जमिनीवर बसलेल्याला २७ अंश मान वर करावी लागते, आणि डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. वर बघताना पापण्याही जास्त उघडतात, डोळ्यांतलं पाणी लवकर सुकतं. तिची सासू संध्याकाळी मान चोळत बसायची आणि दोष बिचाऱ्या उशीला.

जागा मात्र उंचीमुळे नव्हे, आग्नेय कोपरा म्हणून निवडली होती. टीव्ही विजेवर चालतो, वीज म्हणजे अग्नी, सबब आग्नेय. खांबावरून घरात येणारी वीज मात्र कोणत्या दिशेने आली हे टीव्हीला विचारत नाही, आणि लाइनमन मीटर जवळच्या भिंतीवर बसवून मोकळा होतो. दिशेला महत्त्व आहे, पण ते सूर्यामुळे. पूर्वेच्या भिंतीवरचा टीव्ही पश्चिमेकडे तोंड करतो. समोर पश्चिमेची खिडकी असली की चारनंतर ऊन थेट पडद्यावर. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे नुसता प्रकाशाचा अभाव, त्यावर ऊन पडलं की काळा करडा होतो आणि चित्र धुऊन निघतं. तपासायला पंडित नको. टीव्हीच्या जागी कुणाला तरी आरसा धरायला सांगा, आपण नेहमीच्या जागी बसा. आरशात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर तीच पडद्यावरही दिसणार.

दुकानदाराच्या '४-के'चंही, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याचंही, तेच. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढं बारीक दिसतं. ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तो साडेपाच फुटांच्या पलीकडे वेगळा दिसतच नाही. नऊ फुटांवर बसणाऱ्याने त्याच आकारात चौपट ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजायचे असतील तर मोजावेत, डोळ्याला पावती मिळणार नाही.

ताईकडे नवा टीव्ही आता उत्तरेच्या भिंतीवर आहे, चपट्या स्टँडवर, मध्य तीन फुटांवर. बोर्डाच्या सरळ वरची जागा टाळली, कारण भिंतीतल्या वायरी तिथूनच जातात. आजींनी भाजी निवडायचं ताट उचललं आणि त्या बाहेरच येऊन बसल्या. जुनी चार भोकं मी बुजवू दिली नाहीत. घरी कुणी आलं की भाचा आधी त्यांना तिथं नेतो, वरच्या भोकात करंगळी घालून दाखवतो आणि मग खालच्या भोकाकडे बोट करून विचारतो, "सांगा, यात का जात नाही?"