मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांची सही चालत नाही: लीगल गार्डियनशिपचा अर्ज नेमका कुठे अडतो

मुलगा ऑटिस्टिक असो, त्याला डाऊन सिंड्रोम असो की सेरेब्रल पाल्सी, १८ पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान. आणि हे बऱ्याच घरांत कळतं ते थेट बँकेत. आजोबांनी नातवाच्या नावावर ठेवलेली एफडी मॅच्युअर झालेली असते, काउंटरवरून फॉर्म पोरासमोर सरकवला जातो, तो खूश होऊन पेन घेतो आणि सहीच्या चौकटीत गोल गोल काढत बसतो, मग आईला सांगतात की तुमची सही आता चालणार नाही.

यावर उपाय आहे, १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा, कलम १४. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक, म्हणजे लीगल गार्डियन, नेमून देते, कोर्टात जावं लागत नाही. समितीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज फॉर्म ए मध्ये करायचा. मुलाचं आणि होणाऱ्या पालकाचं आधार, जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, फोटो हे सगळं घरात असतंच, त्यावर वेळ घालवत नाही.

पहिली अडचण दिव्यांग प्रमाणपत्राची. हा कायदा चारच प्रकारांना लागू आहे: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (डाऊन सिंड्रोमवाले बहुतेक इथेच येतात) आणि बहुविकलांगता. नुसता मानसिक आजार यात बसत नाही. आता होतं काय, सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला लहानपणी कुणीतरी फक्त अस्थिव्यंग म्हणून सर्टिफिकेट दिलेलं असतं, किंवा ते तात्पुरतं असतं आणि मुदत कधीच संपलेली असते, कुणी उघडून बघितलेलंच नसतं. कृपा करून आज कपाटातून काढा, प्रकार कुठला लिहिलाय ते वाचा, मुदत बघा, आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का तेही बघा. चूक असेल तर आधी यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) पोर्टलवरून ते दुरुस्त करून घ्या, मगच गार्डियनशिपकडे वळा.

दुसरी गोष्ट, अर्जावर आईवडील दोघांची सही. नवरा सोडून गेलेल्या बायकांना "त्यांची सही आणा" म्हणून परत पाठवतात, आणि ते ऐकून खरंच राग येतो, कारण मृत्यू, घटस्फोट, कायदेशीर विभक्तपणा, जोडीदार सोडून जाणं, यात एकट्या आईला किंवा वडिलांना अर्ज करायची सोय नियमांतच आहे. तोंडी वाद घालत बसू नका, परिस्थिती कागदावर लिहा, असेल तो पुरावा जोडा.

पालक कशासाठी हवाय या प्रश्नाला "मुलगा दिव्यांग आहे" एवढंच लिहू नका. गरज आहे का आणि कुठल्या कामासाठी, हे समितीने बघायचं असं कायद्यातच म्हटलंय, त्यामुळे बँक खातं, फॅमिली पेन्शन, औषधोपचाराची संमती, घरातला हिस्सा, जे असेल ते स्पष्ट लिहा.

समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी असं कायदा म्हणतो. साहेब दौऱ्यावर, साहेब निवडणुकीच्या कामात, हे ऐकायची तयारी ठेवा पण आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका, पुढे पाठपुरावा करायला हातात तेवढंच असतं.

आपल्यानंतर भाऊ बघेल असं ठरलेलं असतं, आणि भाऊ असतो अमेरिकेत. पालक भारतीय नागरिक असावा लागतो. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर आत्याचा, मावशीचा, चुलत भावाचा विचार आत्ताच करा, त्यांच्याशी मोकळेपणी बोला. आईवडिलांना मिळालेली गार्डियनशिप त्यांच्यानंतर भावाकडे आपोआप जात नाही, त्याला पुन्हा अर्ज करावा लागतो.

गार्डियनशिपचं सर्टिफिकेट मिळाल्यावरही काही बँका कोर्टाची ऑर्डर मागतात. रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना कळवलंय की समितीने दिलेलं सर्टिफिकेट चालतं. ते परिपत्रक प्रिंट काढून बरोबर न्या, मॅनेजरला भेटा, नाही म्हणाले तर लेखी नकार मागा.

आणि फाईल बंद करून ठेवू नका. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची असते, नंतर दरवर्षी मार्च संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च. डायपर, थेरपी, औषधं, सगळ्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पिशवीत टाकत जा.