आउटकास्टचा सर्वोत्तम अल्बम कोणता? पंचवीस वर्षांहून जुन्या वादाची पार्श्वभूमी

'रोलिंग स्टोन' मासिकाने २०१२ मध्ये सर्वकालीन ५०० अल्बमची सुधारित यादी छापली, तेव्हा आउटकास्ट या अमेरिकन रॅप-जोडीचा 'अ‍ॅक्वेमिनाय' तिच्यात अगदी तळाला, ५००व्या क्रमांकावर होता. २०२० मध्ये नव्याने मतं मागवून ती यादी पुन्हा तयार झाली, तेव्हा तोच अल्बम थेट ४९व्या क्रमांकावर गेला. मधल्या काळात मत देणारी पिढी बदलली होती, आणि त्या पिढीतले कितीतरी जण अटलांटाच्या या जोडीचीच गाणी ऐकत वाढले होते.

चाहत्यांमधला वाद मात्र या यादीने मिटला नाही. 'एटीएलियन्स', 'अ‍ॅक्वेमिनाय' की 'स्टँकोनिया' हा त्यातला मुख्य प्रश्न. त्याला लागूनच दुसरा येतो: सर्वात जास्त खपलेला आणि ग्रॅमीने गौरवलेला 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' यांच्या पंक्तीत बसवायचा की नाही? वरवर ही आवडीनिवडीची गोष्ट वाटते. मला मात्र या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच मुद्दा दिसतो. आउटकास्ट म्हणजे दोन माणसं एकत्र, आणि प्रत्येक अल्बममध्ये ते एकत्र असणं वेगळ्या प्रमाणात आहे. कोणाला कुठला अल्बम आवडतो ते त्या प्रमाणावर ठरतं.

आंद्रे बेंजामिन, म्हणजे आंद्रे ३०००, आणि अँट्वान पॅटन, म्हणजे बिग बॉय. दोघांचा जन्म १९७५चा. अटलांटाला लागून असलेल्या ईस्ट पॉइंटमधल्या ट्राय-सिटीज हायस्कूलमध्ये दोघं शिकत होते. रिको वेड नावाचा तरुण प्रोड्यूसर तेव्हा सौंदर्यप्रसाधनांच्या एका दुकानात काम करायचा. त्या दुकानाबाहेर या पोरांनी त्याला रॅप करून दाखवलं आणि त्याने दोघांना घरी नेलं. वेडच्या आईच्या घराचं तळघर अर्धवट बांधलेलं होतं, खाली जॉर्जियाची लाल माती तशीच उघडी. 'डंजन' हे त्या तळघराचं नाव. रिको वेड, रे मरे आणि स्लीपी ब्राउन या तिघांची ऑर्गनाइज्ड नॉइझ ही टीम तिथे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवायची, आणि आउटकास्ट, गुडी मॉब वगैरे मंडळी तिथेच पडून असायची. सगळ्यांना मिळून 'डंजन फॅमिली' म्हटलं जाऊ लागलं. या तळघराचा उल्लेख टाळून आउटकास्टवर बोलता येत नाही, कारण पहिल्या अल्बमचा आवाज तिथेच घडला.

एल. ए. रीड आणि बेबीफेस यांच्या लाफेस या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. 'प्लेयर्स बॉल' हे पहिलं गाजलेलं गाणं १९९३ मध्ये खरं तर कंपनीच्या नाताळ-संकलनासाठी केलेलं होतं. ते रॅप चार्टच्या शिखरावर पोहोचलं आणि एप्रिल १९९४ मध्ये 'साउदर्नप्लेयलिस्टिकॅडिलॅकम्यूझिक' आला. दोघंही तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे. जिवंत बास, गिटार, सुस्त फंक आणि त्यावर दक्षिणी लकबीतलं रॅप. या अल्बमचा कैवार घेणारे चाहते संख्येने कमी आहेत, पण ठाम आहेत. त्यांच्यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा, की हा अल्बम जोडीचा जेवढा, त्याहून जास्त ऑर्गनाइज्ड नॉइझचा. आक्षेप बराचसा खरा आहे. तरीही 'गिट अप, गिट आउट'मध्ये कामधंदा नसलेल्या, घरच्यांची बोलणी खाणाऱ्या पोरांचं जे चित्र आहे, ते कुठल्या प्रोड्यूसरने दिलेलं नाही.

त्यानंतरची एक रात्र या वादाच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची आहे. ३ ऑगस्ट १९९५. न्यूयॉर्कमध्ये 'द सोर्स' या हिप-हॉपच्या सर्वात वजनदार मासिकाचे पुरस्कार होते. हिप-हॉप ब्राँक्समध्ये जन्मलं, नंतर लॉस एंजेलिसने त्यात वाटा घेतला, आणि त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांचं वैर टोकाला गेलेलं होतं. त्या सभागृहात सर्वोत्तम नव्या समूहाचं नाव आउटकास्ट असं पुकारलं गेलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली. आंद्रे माईकसमोर गेला आणि म्हणाला, साउथकडे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडे, सांगण्यासारखं काहीतरी आहे. वाक्य एवढंच.

त्या हुर्योत उच्चारांबद्दलचा तिटकाराही होता, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागू नये. पुण्या-मुंबईच्या व्यासपीठावर वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्याच्या वाट्याला आधी हशा येतो, ऐकून घेणं नंतर. ह्यूस्टनचे गेटो बॉइज, मायामीचे टू लाइव्ह क्रू ही दक्षिणेची नावं तेव्हा देशभर माहीत होती, पण न्यूयॉर्कच्या लेखी शब्दांची कारागिरी हा दक्षिणेचा प्रांत नव्हताच. आज अटलांटा ही रॅपची एक राजधानी आहे, त्यामुळे त्या रात्रीचा अपमान केवढा होता हे नव्या श्रोत्याला चटकन उमगत नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये 'एटीएलियन्स' आला. अटलांटातलं ऑलिंपिक संपून तीनच आठवडे झाले होते. जगाने ते शहर नुकतंच पाहिलं होतं. पहिल्या अल्बममधली पार्टी इथे विरून गेली आहे. आवाज मोकळा, थंड, प्रतिध्वनीने भरलेला. जणू शहरावरून कोणी परकं यान सावकाश चाललं आहे. आंद्रेने दारू आणि गांजा सोडला होता, मांसाहार सोडला होता, डोक्याला फेटा बांधायला सुरुवात केली होती. याच काळात दोघं त्यांचा साथीदार मिस्टर डीजे याच्याबरोबर स्वतः बीट करायला शिकले, आणि 'एलिव्हेटर्स' हे त्यांनी स्वतः केलेलं गाणं अल्बमचं पहिलं सिंगल झालं. त्यातल्या शेवटच्या कडव्यात आंद्रेला शाळेतली ओळख सांगणारा एक माणूस भेटतो, तुझं काय बाबा, असं काहीसं बोलतो, आणि आंद्रे त्याला सांगतो की चाहते पुष्कळ असले तरी मीही तुझ्यासारखाच आजच्या कमाईवर जगतो. एकविशीतल्या रॅपरने स्वतःच्या यशाबद्दल इतकं सरळ बोलावं, हे त्या काळी नवीन होतं.

'एटीएलियन्स'चे चाहते म्हणतात की हा सर्वात एकसंध अल्बम आहे: एकच हवा, एकच रंग, कुठे फाटत नाही. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या एकसंधपणात दोघांमधला फरक थोडा झाकला जातो, आणि माझं मन तिथेच अडतं.

तो फरक उघडा पडला 'अ‍ॅक्वेमिनाय'मध्ये, सप्टेंबर १९९८. बिग बॉयची कुंभ रास आणि आंद्रेची मिथुन, त्यांच्या इंग्रजी नावांना जोडून केलेलं हे शीर्षक. तोपर्यंत आंद्रेच्या पोशाखावरून कुजबुज सुरू झाली होती: हा बदलला, जोडी फुटणार, बिग बॉय एकटा खरा रस्त्यावरचा. 'रिटर्न ऑफ द जी'मध्ये आंद्रे या कुजबुजीलाच उत्तर देतो. म्हणजे आज चाहते ज्या मुद्द्यावर भांडतात तो १९९८ मध्येच अल्बमच्या आत येऊन बसला होता.

आणि संगीत! 'स्पॉटीओटीडोपालिशस' सात मिनिटांचं गाणं आहे, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची ती संथ लाट आणि तिच्यावर रॅपपेक्षा बोलण्याच्या जवळ जाणारे आवाज. नाइटक्लबमधून सुरू झालेली गोष्ट संसार, मूल, नोकरी न मिळणं इथपर्यंत येते. तेच हॉर्न्स २०१६ मध्ये बियॉन्सेने 'ऑल नाइट'साठी घेतले. 'डा आर्ट ऑफ स्टोरीटेलिन'च्या पहिल्या भागात दोघं दोन मुलींच्या गोष्टी सांगतात. बिग बॉयची गोष्ट खट्याळ, शरीराची. आंद्रेची साशा थंपर मोठेपणी काय व्हायचंय या प्रश्नाला 'जिवंत' असं उत्तर देते, आणि पुढे अमली पदार्थांच्या अतिसेवनाने जाते. एकाच बीटवर हे दोन स्वभाव शेजारी-शेजारी उभे आहेत, कोणी कोणाला सुधारायला जात नाही. माझ्या लेखी जोडी म्हणजे हे. 'द सोर्स'ने या अल्बमला पाचपैकी पाच माईक, म्हणजे पूर्ण गुण, दिले, म्हणजे ज्या मासिकाच्या सभागृहात हुर्यो झाली त्याच मासिकाने, तीन वर्षांनी.

याच अल्बममधलं 'रोझा पार्क्स' कोर्टात गेलं. नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांच्या वतीने १९९९ मध्ये नावाच्या वापराबद्दल दावा दाखल झाला. प्रकरण वर-खाली फिरत २००५ मध्ये तडजोडीने संपलं. गाण्याच्या मधोमध वाजणारा तो गावठी हार्मोनिका आंद्रेच्या सावत्र वडिलांचा आहे, ते पाद्री होते. दक्षिणेच्या चर्चचा आणि ओसरीचा आवाज असा अलगद रॅपमध्ये आला.

'स्टँकोनिया' ३१ ऑक्टोबर २०००ला प्रसिद्ध झाला. गायक बॉबी ब्राउनचा स्टुडिओ दोघांनी विकत घेऊन त्याला स्टँकोनिया हेच नाव दिलं होतं, त्यामुळे वेळेची घाई नव्हती. 'बी.ओ.बी.' ऐकताना आजही धाप लागते: ड्रम अँड बेसचा वेग, रॉक गिटार, मॉरिस ब्राउन कॉलेजचा गॉस्पेल समूह, आणि त्या वेगात बिग बॉयचं एक अक्षर निसटत नाही. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने २००९ मध्ये दशकातलं सर्वोत्तम गाणं म्हणून हेच निवडलं. 'मिस जॅक्सन' अमेरिकेच्या मुख्य चार्टवर पहिलं आलं. आंद्रे आणि गायिका एरिका बडू यांचं नातं संपल्यावर मुलाच्या आजीची मागितलेली ती माफी आहे. अल्बम ग्रॅमीत सर्वोत्तम रॅप अल्बम ठरला. त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप लांबीचा आणि मधल्या नाट्यतुकड्यांचा. मीही ते तुकडे ओलांडून पुढे जातो.

वाद तापतो तो पुढच्या अल्बमवर. सप्टेंबर २००३ मध्ये आलेला 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' म्हणजे एकाच वेष्टनात दोन एकल अल्बम. पहिली डिस्क बिग बॉयची, दुसरी आंद्रेची, आणि आंद्रे आपल्या डिस्कवर बहुतेक गातोच, रॅप क्वचित. लगेच आधीचे तीन अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम-यादीत दुसऱ्या क्रमांकाने उतरले होते. हा पहिल्या क्रमांकाने. 'हे या!' नऊ आठवडे अव्वल राहिलं आणि त्याला खाली खेचलं ते बिग बॉयच्याच 'द वे यू मूव्ह'ने. फेब्रुवारी २००४ मध्ये ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बम हा पुरस्कारही मिळाला. गायिका-रॅपर लॉरिन हिलनंतर हिप-हॉपकडे तो दुसऱ्यांदाच आला.

खपाचे आकडे पुढे करणाऱ्यांना जाणकार चाहते एक तांत्रिक गोष्ट सांगतात. अमेरिकेत प्रमाणपत्र देताना लांब डबल अल्बमची प्रत्येक डिस्क वेगळी मोजली जाते, त्यामुळे कोटीच्या पुढचा आकडा निम्मा करून वाचावा लागतो. तरी तो प्रचंडच उरतो. माझी खरी तक्रार वेगळी आहे. या अल्बमनंतर आंद्रे कलावंत आणि बिग बॉय नुसता साथीदार, अशी एक समजूत रुजली. 'गेटोम्युझिक'ची बीट आंद्रेची आहे आणि ती बिग बॉयच्या डिस्कवर आहे. 'रोझेस' आंद्रेच्या डिस्कवर आहे आणि त्यात बिग बॉय आहे. दरवाजे त्यांनी स्वतः उघडे ठेवले होते. 'स्पीकरबॉक्स' सलग ऐकल्यावर ती फंक आणि रॅपची घट्ट विणलेली डिस्क आहे हे कळतं, आणि 'द लव्ह बिलो' मधेमधे सैल पडते हेही.

२००६चा 'आयडलवाइल्ड' त्याच नावाच्या चित्रपटाबरोबर आला. १९३०च्या दशकातलं जॅझ, ब्लूज आणि रॅप यांची सरमिसळ. कल्पना चांगली, गाणी विखुरलेली. त्याला पहिला नंबर देणारा चाहता मला अजून भेटलेला नाही. तो जोडीचा शेवटचा अल्बम ठरला.

२०१४ मध्ये दोघं कोचेलापासून सुरू करून महोत्सवामागून महोत्सव एकत्र गायले, पण नवीन काही ध्वनिमुद्रित झालं नाही. २०२३ मध्ये आंद्रेने 'न्यू ब्लू सन' काढला, बासऱ्यांचा, एकही रॅप नसलेला. २०२५ मध्ये दोघांचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि सहा अल्बमची क्रमवारी पुन्हा नव्याने लावली जाऊ लागली.

बिग बॉयला कमी लेखणाऱ्यांनी जुलै २०१०चा त्याचा 'सर लुशस लेफ्ट फूट' ऐकावा, अशी माझी कळकळीची सूचना आहे. त्याची आधीची कंपनी जाइव्ह तो काढायला तयार नव्हती, म्हणून तो डेफ जॅमकडे गेला; पण आंद्रेचा आवाज असलेली गाणी त्यावर घ्यायला जाइव्हने परवानगी दिली नाही. त्यामुळे त्या अल्बमवर आंद्रेचं एकही कडवं नाही. 'यू एन्ट नो डीजे'ची बीट मात्र त्याचीच आहे.