टोकाला किती वजन? बॅटरीवरची पोल सॉ निवडताना

पाऊस तोंडावर आला की घराभोवतालच्या झाडांच्या फांद्या एकाएकी नजरेत भरू लागतात. आंब्याची एखादी फांदी कौलांवर टेकलेली असते, गुलमोहर गाड्यांवरच्या पत्र्याकडे झुकलेला असतो आणि देशी बदाम शेजाऱ्यांच्या गच्चीत शिरलेला असतो. झाडावर चढून कोयता चालवणारा माणूस या दिवसांत सहज मिळत नाही. त्यामुळे लांब दांड्याच्या टोकाला छोटी साखळी-करवत बसवलेले, बॅटरीवर चालणारे यंत्र आपणच घ्यावे, असा विचार अनेक घरांत होऊ लागला आहे. बाजारात त्याला सरसकट ‘पोल सॉ’ म्हणतात. शिडी न लावता जमिनीवर उभे राहून फांदी कापता येणे हा या यंत्राचा खरा लाभ आहे. ते विकले जाते मात्र दोन ठळक आकड्यांवर: दांड्याची लांबी आणि बॅटरीचे व्होल्ट. माझ्या मते घरगुती ग्राहकाने त्यांच्याआधी तिसऱ्याच आकड्याची चौकशी करावी. दांड्याच्या अगदी टोकाला किती वजन आहे, हा तो आकडा, आणि खोक्यावर तो बहुधा छापलेला नसतो.

यंत्राचे एकूण वजन चार किलो आहे, एवढे कळून फारसा बोध होत नाही, कारण ते वजन दांड्यावर कुठे आहे यावर हाताला होणारा त्रास ठरतो. पाण्याने भरलेली दीड लिटरची बाटली दोन मीटर लांब काठीच्या टोकाला बांधून काठी आडवी उचलून पाहिली, तर हा फरक तत्काळ लक्षात येईल. हिशेबही सोपा आहे. करवतीच्या डोक्याचे वजन दीड किलो, म्हणजे सुमारे १५ न्यूटन आहे, पुढचा हात डोक्यापासून दोन मीटरवर आहे आणि मागचा हात पुढच्या हाताच्या ७० सेंटीमीटर मागे आहे, असे धरू. दांडा आडवा असताना पुढच्या हाताभोवती निर्माण होणारे आघूर्ण, म्हणजे दांडा फिरवून खाली पाडू पाहणारा जोर (बल गुणिले अंतर), ३० न्यूटन-मीटर भरते. ते तोलण्यासाठी मागच्या हाताला सुमारे ४३ न्यूटन बलाने दांडा खाली दाबावा लागतो, आणि पुढच्या हातावर या दोन्ही बलांची बेरीज, म्हणजे ५८ न्यूटन, येते. दीड किलोचे डोके अशा रीतीने पुढच्या हाताला जवळजवळ सहा किलोचे वाटते, आणि यात दांड्याचे स्वतःचे वजन अजून धरलेलेच नाही.

दांडा उभा करत नेला की हा भार हलका होतो. जमिनीशी ६० अंशांचा कोन केला, तर वजनाचे आडवे अंतर निम्मे होते आणि आघूर्णही निम्म्यावर येते. म्हणूनच दमलेला माणूस नकळत दांडा अधिकाधिक उभा धरू लागतो, आणि नेमका तिथेच धोका आहे, कारण दांडा जितका उभा, तितके आपण कापल्या जाणाऱ्या फांदीच्या खाली सरकतो. दहा सेंटीमीटर जाडीची आणि तीन मीटर लांबीची ओली फांदी पाने सोडून वीस किलोच्या आसपास भरते. चार मीटर उंचीवरून सुटलेली अशी फांदी जमिनीवर येईपर्यंत ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाला पोहोचलेली असते. वापराच्या सूचनांमध्ये दांडा साधारण ६० अंशांपेक्षा उभा धरू नये असे सांगितलेले असते, ते यासाठीच. थोडक्यात, डोके जड असलेले यंत्र माणसाला फांदीखाली ओढते, आणि हलक्या डोक्याचे यंत्र त्याला दूर उभे राहण्याची मुभा देते. सुरक्षिततेचा विचार हेल्मेटपासून सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. हेल्मेट आणि डोळ्यांसाठी गॉगल हवेतच, पण त्यांच्याआधी हा तोल पाहिला पाहिजे.

करवत फांदीवर टेकलेली असते तेव्हा बराच भार फांदीच उचलते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. परंतु फांदी तुटते त्या क्षणी हा आधार एकदम नाहीसा होतो, आणि सगळे आघूर्ण थकलेल्या हातांवर परत येते. करवत त्या वेळी खाली आपटते किंवा चालू साखळी भलत्याच फांदीवर जाते. त्यामुळे दुकानात यंत्र घेताना दांडा पूर्ण लांब करून, बॅटरी लावून, ते मिनिटभर ४५ अंशांत स्थिर धरून पाहावे. ही चाचणी घेऊ न देणाऱ्या दुकानातून, आणि केवळ चित्र पाहून, हे यंत्र मागवू नये असे मी म्हणेन.

लांबीच्या दाव्यांतही एक गोम असते. ‘पोहोच साडेचार मीटर’ असे लिहिलेले असते तेव्हा त्यात वापरणाऱ्या माणसाची उंची बहुधा धरलेली असते. पावणेतीन मीटरचा दांडा कमरेपाशी धरून ६० अंशांत उचलला, तर करवत जमिनीपासून साधारण सव्वातीन ते साडेतीन मीटरवर पोहोचते. घराभोवतालच्या बहुतेक कामांना एवढे पुरते. याहून लांब दांडा घेण्याचा मोह होतो, पण एका टोकाला धरलेल्या दांड्याचे दुसरे टोक वजनाने किती वाकेल, हे लांबीच्या घनावर अवलंबून असते. त्याच जाडीचा दांडा दोन मीटरवरून तीन मीटर केला की टोकाचा झोल सव्वातीन पटींहून अधिक वाढतो. सरकत्या दांड्याच्या कड्या थोड्या ढिल्या असल्या, तर त्यांची हालचाल या झोलात मिसळते, आणि मग साखळी हव्या त्या रेषेवर टेकवणेच कठीण होते.

काही यंत्रांत मोटर करवतीपाशीच असते, तर काहींत ती दांड्याच्या मागच्या टोकाला, बॅटरीच्या जवळ असते आणि तिची गती नळीतून जाणाऱ्या लांब दांडीने पुढे पोहोचवली जाते. दुसऱ्या प्रकारची यंत्रे महाग असतात आणि एकूण वजनाने बहुधा जड भरतात, तरीही त्यांचे डोके हलके असल्याने ती हाताला सुसह्य वाटतात. बॅटरी मागच्या टोकाला असेल, तर तिचे वजन पारड्यातल्या दुसऱ्या मापासारखे उपयोगीच पडते. याउलट, हातात धरायची छोटी करवत बॅटरीसकट काठीच्या टोकाला अडकवण्याची जी स्वस्त जोडणी मिळते, तिच्यात मोटर, बॅटरी आणि साखळी असे सगळेच वजन सर्वांत दूर जाते.

आता व्होल्टविषयी. लिथियम-आयन विद्युतघटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण प्रभारित असताना तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच घट एकापुढे एक जोडले की सरासरी १८ व्होल्ट मिळतात आणि कमाल २१. एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेले असते, तेव्हा आत पाच घटांचीच रचना असते. स्वस्त यंत्रांवर ‘४८ व्हीएफ’ किंवा ‘८८ व्हीएफ’ अशी अक्षरे दिसतात. ती प्रत्यक्ष विद्युतदाब दाखवतात असे समजू नये, कारण अशा बॅटऱ्यांतही बहुधा पाचच घट असतात. तुलना करायची तर वॉट-तासांची करावी. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की बॅटरीत साठणारी ऊर्जा कळते. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॉट-तासांची, आणि ३६ व्होल्ट व २ अँपिअर-तासांचीही तेवढ्याच ऊर्जेची.

मग जास्त व्होल्टचा काहीच उपयोग नाही का? उपयोग आहे, पण तो भारी कामात. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने पुरवली की प्रवाह निम्मा होतो, आणि तारांत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ती एक चतुर्थांश होते. जाड, कठीण लाकडात सलग कापणाऱ्या माळ्याला याचा फायदा मिळेल. वर्षातून दोनदा मनगटाएवढ्या फांद्या काढणाऱ्याला १८ व्होल्टचे, कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचे यंत्र पुरेसे आहे. घरात ड्रिल वगैरे एखादे बॅटरीवरचे अवजार आधीच असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारी पोल सॉ घेणे शहाणपणाचे ठरते.

एका प्रभारात किती फांद्या कापल्या जातील, हे कंपनीच्या दाव्यावरून ताडता येत नाही. कापण्यासाठी लागणारी ऊर्जा छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढते, त्यामुळे फांदीची जाडी दुप्पट झाली की काम चौपट होते. पाच सेंटीमीटरच्या फांदीचा छेद सुमारे २० चौरस सेंटीमीटरचा असतो, तर दहा सेंटीमीटरच्या फांदीचा ७८ चौरस सेंटीमीटरहून थोडा अधिक. शिवाय पांगाऱ्याचे किंवा शेवग्याचे लाकूड आणि चिंचेचे किंवा बाभळीचे लाकूड यांच्या कठीणपणात फार मोठे अंतर आहे. आणखी एक गोष्ट कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांसाठी: हे यंत्र माडासाठी घेऊ नये. झावळ्यांचे चिवट तंतू साखळीत गुंतून ती अडकते, आणि मोठ्या माडाचा शेंडा कोणत्याही घरगुती दांड्याच्या पलीकडेच असतो.

साखळी ज्या पट्टीभोवती फिरते ती पोल सॉमध्ये साधारण २० ते २५ सेंटीमीटर लांब असते, आणि तिच्या लांबीपेक्षा निदान चार-पाच सेंटीमीटर कमी जाडीची फांदी हीच मर्यादा मानावी. पट्टीच्या खालच्या कडेने साखळी यंत्राकडे धावते, म्हणून वरून कापताना करवत स्वतःच फांदीत ओढली जाते आणि तिचा टेकू लाकडाला भिडून स्थिर राहतो. वरच्या कडेने, म्हणजे फांदीच्या खालच्या बाजूने कापताना उलट घडते आणि दांडा आपल्याकडे ढकलला जातो. पट्टीच्या नाकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर करवत झटक्याने उडते. साखळीला तेल आपोआप मिळते की हाताने द्यावे लागते, हेही पाहावे, कारण कोरडी साखळी तापते, ताणली जाते आणि पट्टी झिजवते. धारदार साखळीतून लाकडाच्या कपच्या पडतात. बारीक भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे.

यंत्र कितीही चांगले असले, तरी कुठे कापायचे हे झाडाच्या रचनेवरून ठरते. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो या संशोधकाने साखळी-करवतीनेच असंख्य झाडांची खोडे उभी चिरून आतली कूज तपासली, आणि १९७७ मध्ये सहकाऱ्यासह मांडलेल्या विवेचनात दाखवून दिले, की झाड आपल्या जखमेची जागा पुन्हा पूर्ववत करत नाही. ते जखमेभोवती रासायनिक आणि पेशींच्या भिंती उभारून कूज आत कोंडून ठेवते, आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवते. फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्यात ही संरक्षक यंत्रणा विशेष प्रबळ असते. खोडाशी सपाट कापले तर ते कडेच नष्ट होते, आणि लांब खुंट सोडला तर तो सडत आत जातो. म्हणून काप त्या फुगवट्याच्या लगेच बाहेर हवा. जड फांदी एका कापात तोडली, तर ती सालीची लांब पट्टी ओढत खाली येते. यासाठी कड्यापासून वीत-दीड वीत बाहेर आधी खालून पाव जाडीचा काप घ्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट फुगवट्याबाहेर काढावा. खालचा काप पोल सॉने घेणे अवघड असते, हे वर सांगितलेल्या धक्क्यावरून लक्षात आलेच असेल. ज्या फांदीला तो घेतल्याशिवाय गत्यंतर नाही आणि जी डोक्याच्या वर फार उंच आहे, ती जाणकार माणसाकडे सोपवावी.

जखमेला तैलरंग किंवा डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही अशाच अभ्यासांतून दिसले आहे. आंब्याच्या मोठ्या कापांवर आपल्याकडे बोर्डो पेस्ट लावतात, तिचा हेतू वेगळा आहे, कारण ती बुरशीनाशक असते: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. एका हंगामात झाडाच्या पर्णसंभाराचा पाव हिस्सा, याहून अधिक काढू नये. नागरी भागात फांद्या छाटण्याआधी महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीची चौकशी करावी. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा स्वतःच्या आवारातल्या झाडांनाही लागू आहे.

विजेच्या तारांजवळ मात्र हे यंत्र आणूच नये. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर तो उत्तम विद्युतवाहक असतो, आणि काचतंतूंचा असला तरी टोकाला धातू आहे, वर धूळ आणि दमटपणा आहे. ११ हजार व्होल्टच्या वाहिनीला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. तिला टेकलेली ओली फांदीही प्रवाह वाहून नेते. काही उत्पादक तारांपासून १५ मीटर अंतर राखायला सांगतात. शहरातल्या अरुंद आवारात एवढे अंतर सापडत नसेल, तर ती छाटणी महावितरणसारख्या वीज कंपनीला कळवून, पुरवठा बंद करवूनच व्हायला हवी.

हे सगळे वाचून आपल्याकडच्या बहुतेक फांद्या पाच सेंटीमीटरहून बारीक आहेत असे लक्षात आले, तर लांब दांड्याची साधी वक्र करवत घ्यावी. तिचे दात ओढताना कापतात, त्यामुळे हाताचे बल दांड्याच्या दिशेनेच लागते, आणि टोकाचे वजन अगदी थोडे असते. आंबा, चिकू, पेरू यांच्या दरवर्षीच्या हलक्या छाटणीला मी स्वतः तिलाच पसंती देईन.

पोल सॉ घेतलीच, तर वर्षातले अकरा महिने ती पडून राहणार आहे, हे गृहीत धरून बॅटरी ठेवावी. लिथियम-आयन घट पूर्ण प्रभारित आणि तापलेल्या अवस्थेत लवकर म्हातारे होतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे होय. ती यंत्रातून काढून, साधारण निम्म्या प्रभारावर, घरातल्या थंड आणि कोरड्या कपाटात ठेवावी, आणि उन्हातून आणल्यावर निवल्याखेरीज चार्जरला लावू नये.