रीड की पोलामालू? सेफ्टीच्या वादामागची हकीकत

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये वर्षातल्या सर्वोत्तमांच्या दोन याद्या लागतात, प्रो बोल आणि ऑल-प्रो. त्या लागल्या की सर्वोत्तम सेफ्टी, म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू, कोण यावर दरवर्षी नव्याने जुंपते. 2023च्या सीझनमध्ये तर या दोन याद्यांनीच एकमेकींना खोटं पाडलं. टॅम्पा बेचा अँटवान विनफिल्ड ज्युनियर प्रो बोलच्या यादीत नव्हता, आणि काही दिवसांनी लागलेल्या ऑल-प्रोच्या पहिल्या संघात होता. 6 सॅक (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास सुटण्याआधीच पाडणं), 6 फोर्स्ड फंबल (प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू पाडणं), 3 इंटरसेप्शन (त्यांचा पास मध्येच झेलणं) एवढं करूनही प्रो बोलच्या मतदारांना तो दिसला नाही. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या कर्बी जोसेफचीही तीच गत. लीगमध्ये सर्वाधिक म्हणजे 9 इंटरसेप्शन, प्रो बोलच्या मूळ यादीत नाव नाही, ऑल-प्रोच्या पहिल्या संघात मात्र हजर.

यातला थोडा दोष मतदानाच्या रचनेत आहे. प्रो बोलला प्रेक्षक, खेळाडू आणि प्रशिक्षक यांची मतं सारख्या वजनाने मोजतात, आणि फ्री सेफ्टी (खोल मागे राहणारा) व स्ट्राँग सेफ्टी (पुढे येऊन भिडणारा) हे खण तिथे अजून वेगळे आहेत. ऑल-प्रोचा मान पत्रकारांच्या हाती असतो. पण खण आणि मतदार बदलून प्रश्न सुटला असता तर तो कधीच सुटला असता. सेफ्टीचं नेमकं कोणतं काम मोजायचं, यावरच कधी एकमत झालेलं नाही.

सुरुवातीच्या काळात हा पेच नव्हता, कारण मोजायला इंटरसेप्शनशिवाय काही नव्हतंच. 1948 साली न्यूयॉर्क जायंट्समध्ये आलेला एमलेन टनेल हा त्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. 1950च्या ऑक्टोबरात जायंट्सच्या ‘अम्ब्रेला’ बचावाने क्लीव्हलँडला 6-0 असं कोरडं ठेवलं, त्या बचावाचा तो कणा होता. 1952 साली इंटरसेप्शन आणि किक परतवून त्याने 900हून अधिक यार्ड काढले. त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक धावलेल्या रनिंग बॅकपेक्षा, म्हणजे चेंडू घेऊन धावणं हेच काम असलेल्या खेळाडूपेक्षा, जास्त. निवृत्त होताना नावावर 79 इंटरसेप्शन होते आणि 1967 साली तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे निवृत्त दिग्गजांच्या मानाच्या दालनात, गेला. 79चा आकडा ओलांडला तो पॉल क्रॉसने, 81वर थांबून, 1979 साली. तो विक्रम अजून उभा आहे. पण क्रॉसला हॉलचं दार उघडायला 1998 उजाडावं लागलं. सगळ्यात जास्त इंटरसेप्शन घेणारा माणूस एकोणीस वर्षं बाहेर ताटकळतो तेव्हा निवड समितीला आकड्यांवर भरवसा नाही एवढं तर कळतं. मग भरवसा कशावर आहे, हे मात्र समितीने कधी उलगडून सांगितलं नाही.

क्रॉसबद्दलची कुरबूर ठरलेली होती. तो खोल उभा राहायचा, अंगावर जाऊन टॅकल करायचा नाही. ही टीका टिकली, कारण मधल्या काळात सेफ्टीकडून अपेक्षा बदलल्या होत्या. सेंट लुईसच्या लॅरी विल्सनने क्वार्टरबॅकवर थेट धावून जाणारी सेफ्टी ब्लिट्झ रूढ केली. रॉनी लॉट 1981 साली कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्यांना राखणारा बचावपटू) म्हणून आला आणि 1985पासून सेफ्टी खेळू लागला. पुढच्याच वर्षी त्याने 10 इंटरसेप्शन घेतले, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्याच्या धडका. सिअ‍ॅटलचा केनी ईझली 1984 साली वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि 1987नंतर मूत्रपिंडाच्या आजाराने खेळायचाच थांबला. त्याच्याइतकं कमी खेळून या चर्चेत टिकलेला दुसरा सेफ्टी नाही.

हॉल ऑफ फेमचा हिशेब थोडक्यात असा. 2016 संपलं तेव्हा आत असलेले निव्वळ सेफ्टी सातच होते. नंतर जणू बांध फुटला. 2017 साली ईझली, 2018 साली ब्रायन डॉकिन्स, 2019 साली एड रीड आणि जॉनी रॉबिन्सन. लीगच्या शताब्दीनिमित्त 2020 साली मोठा गट घेतला, त्यातल्या 15 खेळाडूंपैकी पाच सेफ्टी होते: ट्रॉय पोलामालू, स्टीव्ह अ‍ॅटवॉटर, क्लिफ हॅरिस, डॉनी शेल आणि पन्नाशीच्या दशकातला बॉबी डिलन. पाठोपाठ जॉन लिंच आणि लेरॉय बटलर. इतकी वर्षं रांगेत उभी असलेली माणसं एकदम गुणवान झाली नव्हती. 2000नंतरच्या दोन खेळाडूंनी सेफ्टी या जागेकडे बघायची नजर बदलली आणि त्याचा फायदा जुन्यांना मिळाला, असं माझं मत आहे.

ते दोघे म्हणजे रीड आणि पोलामालू. आजचा सगळा वाद यांच्याच मापाने चालतो, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवं.

बॉल्टिमोरने रीडला 2002च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) चोविसाव्या क्रमांकावर घेतलं. पुढच्या वर्षी पिट्सबर्गने सत्ताविसावरून वर सरकत सोळाव्या क्रमांकावर पोलामालूला घेतलं. दोन्ही संघ एकाच विभागातले, त्यामुळे वर्षातून दोनदा गाठ ठरलेली आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तिसऱ्यांदा पडण्याची शक्यता. रीडने 2004 साली 9 इंटरसेप्शन घेऊन ते 358 यार्ड परतवले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पोलामालूला तोच मान 2010 साली मिळाला.

खेळण्याची तऱ्हा मात्र पूर्ण वेगळी. रीड मैदानाच्या मध्यावर खोल उभा राहून क्वार्टरबॅकला मोकळा रिसीव्हर (पास झेलणारा) दाखवायचा. पास हातातून सुटला की तो रिसीव्हर मोकळा नव्हताच, हे कळायचं. 2008च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियाचा बदली क्वार्टरबॅक बॉल्टिमोरच्या गोललाइनच्या तोंडावर होता. त्याने एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनपलीकडच्या पट्ट्यात, पास टाकला. रीडने तो सात-आठ यार्ड आत पकडला. अशा वेळी शहाणा माणूस तिथेच गुडघा टेकवून खेळी संपवतो. हा पळत सुटला आणि 107 यार्डांवर जाऊन थांबला. आधीचा 106 यार्डांचा विक्रमही त्याचाच होता, 2004 सालचा.

पोलामालूचा ठावठिकाणा स्नॅपपर्यंत, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू होईपर्यंत, कळत नसे. कधी लाइनवर, कधी वीस यार्ड मागे, कधी एकीकडून दुसरीकडे धावत असताना. 2010च्या सप्टेंबरात टेनेसी गोललाइनवर होतं. पोलामालूने स्नॅपची वेळ इतकी अचूक हेरली की तो दोन्ही लाइनच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला, आणि हातात चेंडू येतो न येतो तोच क्वार्टरबॅक खाली आला. स्नॅप निमिषभर लांबला असता तर ऑफसाइडचा दंड आणि वर हसू झालं असतं. असला जुगार प्रशिक्षक सगळ्यांना खेळू देत नाहीत.

वादाचं मूळ 2010च्या त्या पुरस्कारात आहे. त्या वर्षी रीडच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो पहिले सहा सामने बाहेर होता. उरलेल्या दहा सामन्यांत त्याने 8 इंटरसेप्शन घेतले. लीगमध्ये पहिला क्रमांक. पोलामालू चौदा सामने खेळला आणि त्याचे 7. दोघेही ऑल-प्रोच्या पहिल्या संघात. सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात 50 पत्रकारांपैकी 17 जणांनी पोलामालूला मत दिलं आणि तो जिंकला. तेव्हापासून बॉल्टिमोरकडचे लोक सांगतात की कमी सामन्यांत जास्त करणाऱ्यावर अन्याय झाला.

वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. पोलामालूची लढत रीडशी नव्हती, ग्रीन बेचा लाइनबॅकर क्ले मॅथ्यूज 15 मतं घेऊन दुसरा आला होता. दहा सामने खेळलेल्या माणसाला वर्षाचा पुरस्कार मिळणं अवघडच होतं, हे रीडच्या बाजूच्यांनाही मनातून ठाऊक असावं. तरी त्या निकालाचा अर्थ ‘पोलामालू रीडपेक्षा श्रेष्ठ’ असा लावला गेला आणि तो पुढे घट्ट झाला. याला कारण 5 डिसेंबरची रात्र. बॉल्टिमोरमध्ये घरचा संघ 10-6 असा पुढे होता, घड्याळात तीनेक मिनिटं. पोलामालू कडेने आला आणि क्वार्टरबॅकचा फेकता हात पकडून चेंडू उडवला. सहकाऱ्याने तो उचलून 9 यार्डांच्या रेषेपर्यंत नेला. थोड्याच वेळात टचडाउन, आणि सामना 13-10. सीझनअखेर दोन्ही संघ 12 विजय आणि 4 पराभव, म्हणजे 12-4, असे बरोबरीत राहिले आणि विभागाचं विजेतेपद टायब्रेकरवर पिट्सबर्गला गेलं. त्या एका खेळीवर अख्खा विभाग फिरला. मतदारांच्या डोळ्यांपुढे तीच खेळी असणार, आणि त्यात वावगं काही नाही.

पोलामालूच्या बाजूने आणखी एक मुद्दा कायम पुढे येतो. 2009 साली दुखापतीमुळे तो पाचच सामने खेळला आणि गतविजेता पिट्सबर्ग 9-7वर घसरून प्लेऑफलाही मुकला. त्याची किंमत त्याच्या गैरहजेरीत कळली, असा हा युक्तिवाद. मुद्दा वजनदार आहे. पण रीडला हा निकष कधी कोणी लावला नाही, कारण त्याच्या मागे-पुढे बॉल्टिमोरचा बचाव भक्कमच असायचा. भक्कम संघात खेळल्याची शिक्षा असेल तर ती फक्त त्यालाच का?

कारकिर्दीचे आकडे रीडकडे झुकतात. 64 इंटरसेप्शन विरुद्ध 32, आणि परतीचे 1,590 यार्ड, हा विक्रम. पोलामालूकडे 12 सॅक आणि सुपर बोलची, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याची, रीडच्या एका विजेतेपदासमोर दोन. मला स्वतःला रीड उजवा वाटतो, आणि तो इंटरसेप्शनमुळे नाही. जाँटी ऱ्होड्स पॉइंटला उभा असला की फलंदाज तिकडची एक धाव चोरायचा विचारच सोडून द्यायचे. ती न घेतलेली धाव स्कोअरबोर्डवर कुठे दिसायची? रीडच्या दिशेने न टाकलेले खोल पास तसेच. पोलामालूने केलेलं काम टीव्हीवर दिसायचं, रीडचं बरंचसं काम कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर व्हायचं. पुरस्कार चौकटीतल्याला मिळतात.

या दोघांच्या शेजारी बॉब सँडर्सचं नाव ठेवलं की पुरस्कारांवर किती विसंबायचं ते दिसतं. 2007 साली इंडियानापोलिसचा हा सेफ्टी सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि त्या संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले हे खरं. पण अख्ख्या कारकिर्दीत सहापेक्षा जास्त सामने तो दोनच वर्षं खेळू शकला. 1973 साली हाच मान मिळवणारा मायामीचा डिक अँडरसनही हॉलमध्ये नाही. हा पुरस्कार मिळालेले सेफ्टी एकूण पाच, त्यातले दोन हॉलबाहेर. 2010नंतर तो कोणत्याही सेफ्टीकडे आलेला नाही.

पुढचं दशक सिअ‍ॅटलचं. अर्ल थॉमस एकटा खोल उभा राहायचा आणि कॅम चॅन्सलर पुढे येऊन रिसीव्हरांना आडवं करायचा. 2012 ते 2015 सलग चार वर्षं या संघाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. रीड आणि पोलामालू यांची कामं दोन माणसांत वाटून दिली तर काय होतं, याचं हे उत्तर. सगळ्यांनी नक्कल केली, पण थॉमस कोणालाच सापडेना. मग खोल पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकांना आवरायला दोन सेफ्टी मागे ठेवणारे बचाव आले. त्यांत दोघांनाही सगळं यावं लागतं, आणि फ्री-स्ट्राँग हा भेद प्रो बोलच्या मतपत्रिकेपुरता उरला.

याच संक्रमणात जमाल अ‍ॅडम्सचं प्रकरण घडलं. 2020 साली सिअ‍ॅटलने त्याच्यासाठी ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी, तिसऱ्या फेरीची एक आणि वर एक खेळाडू असं मोजलं. त्याने पहिल्या वर्षी 9.5 सॅक केले, डिफेन्सिव्ह बॅकसाठी (मागच्या फळीतले बचावपटू) विक्रम. 2021च्या ऑगस्टमध्ये 7 कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्या सीझनमध्ये सॅकची पाटी कोरी राहिली. 2024च्या मार्चमध्ये सिअ‍ॅटलने त्याला सोडलं. त्या महिन्यात नारळ मिळालेला तो एकटा नव्हता. क्वांड्री डिग्ज, जॉर्डन पोयर आणि नुकताच प्रो बोलला निवडला गेलेला डेन्व्हरचा जस्टिन सिमन्स, सगळे बाहेर. सेफ्टीवर पैसा घालायचा नसतो, हे शहाणपण त्या वसंतात सगळ्यांच्या तोंडी होतं.

ते दोन महिनेही टिकलं नाही. मे महिन्यात विनफिल्डला टॅम्पा बेने वर्षाला 2.1 कोटी डॉलरच्या घरात करार दिला. 2025च्या ऑगस्टमध्ये बॉल्टिमोरच्या काइल हॅमिल्टनला चार वर्षांचे 10.04 कोटी डॉलर मिळाले, म्हणजे वर्षाला 2.5 कोटींच्या वर. त्याच उन्हाळ्यात एका कॉर्नरबॅकला वर्षाला 3 कोटी आणि क्वार्टरबॅकमागे धावणाऱ्या एकाला 4.7 कोटी मिळाले, तेव्हा सेफ्टीची पायरी अजून खालचीच आहे.

सध्याच्या वादात हॅमिल्टन सगळ्यात अडचणीचा, कारण तो कोणत्याच खणात बसत नाही. उंची 6 फूट 4 इंच, 40 यार्ड धावण्याची वेळ मंद म्हणून 2022च्या ड्राफ्टमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत घसरलेला. 2023च्या सप्टेंबरात इंडियानापोलिसविरुद्ध पहिल्या हाफमध्येच त्याने 3 सॅक केले. 2024 साली 9 इंटरसेप्शनवाला जोसेफ आणि ग्रीन बेचा 8 इंटरसेप्शनवाला झेव्हियर मॅकिनी ऑल-प्रोच्या पहिल्या संघात आले आणि हॅमिल्टन दुसऱ्या. इंटरसेप्शन मोजणाऱ्यांना तो निकाल सरळ वाटला. बॉल्टिमोरने त्या सीझनच्या मध्यात हॅमिल्टनला स्लॉटमधून (आतल्या बाजूच्या रिसीव्हरला राखायची जागा) काढून मागे खोल उभं केलं होतं, आणि तेव्हापासून सीझन संपेपर्यंत त्यांच्यावर होणारे लांब पास आटले. त्याच्या नावावर त्या वर्षी इंटरसेप्शन होतं एकच.